अर्थिंगचं मीठ

आबा, मी गाडी घेतली. पांढरी, चारचाकी, लाईटवर चालणारी. गावानं तिचं जे काय करायचं ते करून झालं आहे. कुणी टायरला लाथ मारून बघितली, कुणी आत बसून फोटो काढून घेतले, शेजारच्या आजोबांनी तर बॉनेट उघडायला लावलं आणि आत वाकून जाहीर केलं, "इंजन न्हाई हिच्यात. फसवलं तुला, पोरी." तुम्ही असता तर गाडीकडे ढुंकूनही बघितलं नसतं. चप्पल पायात तशीच ठेवून थेट भिंतीकडे गेला असता, जिथं पूर्वी तुमची सायकल टेकलेली असायची आणि आता चार्जरची काळी पेटी बसवली आहे. तिच्या वायरीवरून बोट फिरवत खाली जमिनीपर्यंत आला असता आणि विचारलं असतं, "हिचा अर्थ कुठाय?" हा प्रश्न मला कुणीच विचारला नाही. गाडी विकणाऱ्यानं नाही, गावानं नाही, आणि मी स्वतःलाही नाही. शेवटी त्या पेटीनंच विचारला, लाल दिवा लावून. तेच सगळं सांगायला बसले आहे.

माझी नोकरी तीच, ढोरांची. सरकारी कागदावर पशुधन पर्यवेक्षक, लोकांच्या तोंडी डॉक्टरीणबाई. नरसीच्या आसपासची खेडी, मग पुसेगावकडची. कुठं गाय अडलेली, कुठं म्हशींना लस टोचायची, कुठं कोंबड्या माना टाकून बसलेल्या. इतकी वर्षं लसीचा थंड डबा पायांशी ठेवून स्कूटीवर हिंडले, आता कंबर उलट बोलायला लागली म्हणून गाडी. गाडीपेक्षा जास्त डोकं मी तिच्या चार्जरवर घालवलं. हिंगोलीच्या शोरूममध्ये दोन दाखवले. एक सात किलोवॅटचा, एक त्याच्या निम्म्यानं. विकणारा म्हणत होता मोठा घ्या, तीन-चार तासांत गाडी भरते. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मग तुमचं ते पुसेगावचं गिऱ्हाईक आठवलं, ज्याला घरातल्या बारीक वायरीवर पिठाची गिरणी चालवायची होती. तुम्ही त्याला म्हणाला होता, "मालक, हाव मोठी अन् तार बारीक. जळंल कोन? तार." मी दिवसाची धाव मोजली, साठ-सत्तर किलोमीटरच्या वर जात नाही. गाडी संध्याकाळी दारात लागते ती सकाळपर्यंत तिथंच. बारा तास जिला मोकळे आहेत तिला तीन तासांत जेवण उरकायची घाई कशाला? शिवाय संध्याकाळी साऱ्या गावाचे पंखे आणि टीव्ही सुरू झाले की आपल्या घरच्या ट्यूबलाईटला अजून तशीच धाप लागते. लहान चार्जर घेतला.

मग विकणाऱ्याला मीच घडाघडा सांगितलं. घरचा मंजूर भार वाढवून घेते, मीटरपासून वेगळी तांब्याची लाईन ओढायची, वायर जाड, मध्ये जोड नको, तिचा स्विच वेगळा, आणि माणसाला झटका बसायच्या आत लाईट तोडते ती डबी हवीच हवी. तो बघतच राहिला. "मॅडम, आपका इलेक्ट्रिकल का दुकान है क्या?" मी म्हणाले, माझे वडील वायरमन होते. सांगताना मान जरा ताठ झाली. ती मान लक्षात ठेवा, तिचं पुढे काय झालं ते येतंच आहे. एवढं सगळं सांगितलं, पण अर्थाबद्दल माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं असतं.

तुम्ही कधी अर्थिंग म्हणाला नाहीत, नेहमी अर्थ. घराला अर्थ द्यायचा आहे, अर्थ सुटला, अर्थ घट्ट कर. पाचवीत गुरुजींनी कविता वाचून दाखवली आणि विचारलं, "अर्थ कोण सांगेल?" मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. "गुरुजी, हिरवी वायर. ती जमिनीत जाते." वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले मास्तर बघायला आले. घरी येऊन मी रडत रडत तुम्हाला हे सांगितलं. तुम्ही पान लावत होता. हसला नाहीत. चुना बोटावर तसाच ठेवून म्हणालात, "बराबर सांगितलंस की. गुरुजीला म्हनाव, तुमचा अर्थ चुकला तर मार्क जातेत. आमचा चुकला तर मानूस जातंय." मला त्या वयात एवढंच कळलं की माझे वडील गुरुजींपेक्षा मोठे आहेत. ते मत पुढे शिकून-सवरूनही मला बदलावं लागलं नाही.

माणूस जातंय म्हणालात, पण तुम्हाला ते शिकवलं एका बैलानं. ही गोष्ट तुम्ही मला एकदाच सांगितली, मी डिप्लोमाला निघाले त्या दिवशी. तुमचं लग्नही झालेलं नव्हतं. जवळा बाजारच्या पुढे एका शेतकऱ्याच्या घरी तुम्ही लाईट बसवली. अर्थासाठी खड्डा घ्यायचा म्हणालात, तर मालक म्हणाला, पहिली लाईट तर येऊ दे, खड्ड्याचं मग बघू. तुम्ही ऐकलंत, कारण काम नवीन होतं आणि गिऱ्हाईक जुनं. श्रावणात गोठ्याच्या पत्र्यावर कुठली तरी वायर घासली. मालक त्या पत्र्याच्या लोखंडी खांबाला धरून उभा होता, त्याला नुसत्या मुंग्या आल्या. बैलानं खांबाला अंग घासलं आणि जागेवर बसला, तो उठलाच नाही. "मानसाच्या पायात चप्पल असते," तुम्ही म्हणालात. "जनावराच्या पायात काय? ते उघड्या पायानं भुईवर उभं. सगळं त्याच्यातूनच जातंय." त्यानंतर तुमचा नियम झाला, खड्डा नाही तर लाईट नाही. लोक म्हणायचे, ह्या वायरमनची फार तकलीफ, दुसरा बघा. ते दुसरा बघायचेही. पुढे एकेक करून परत यायचे, आणि तुम्ही त्यांना एका शब्दानं न टोचता खड्ड्याची जागा बघायला लागायचात.

मला अजून दिसतं. तुम्ही कमरेइतक्या खड्ड्यात, मग छातीइतक्या, मग नुसती टोपी दिसते. सोबत लमाणांच्या तांड्यावरचे काका, जे जन्मभर तुमच्याबरोबर खड्डे खणत आले. दोघं आळीपाळीनं पहार चालवतात. मग मधोमध पाईप उभा राहतो, भोवती एक थर कोळसा, एक थर मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. मिठाची पहिली मूठ तुम्ही कधी टाकली नाही. घरातल्या बाईला बोलवायचात. "वैनी, घरातलं मीठ आना. तुमच्या हातानं टाका." ती बिचारी पदर सावरत येते आणि वरून मूठभर मीठ सोडते. तुम्ही खालून, डोक्यावर मीठ घेत म्हणता, "आता ह्या भुईनं तुमचं मीठ खाल्लं. ती खाल्ल्या मिठाला जागंल. लेकराबाळायचं वंगाळ होऊ देनार न्हाई." काका वरून हसतात, "मीठ आमच्या खानदानीचं हाय, वैनी. आमचे आजे-पणजे बैलावर लादून आनायचे, आमी जमिनीत घालून राहिलो." मीठ ओल धरून ठेवतं आणि ओल्या जमिनीत लाईट लवकर विरते, हे शास्त्र मी नंतर पुस्तकात वाचलं. पण तुम्ही त्या बायकांना ते जसं सांगायचात तसं कुठल्या पुस्तकात नव्हतं. त्यातली एकही बाई उन्हाळ्यात त्या पाईपात पाणी घालायला विसरत नसणार, कारण मीठ तिच्या हातचं होतं. तुम्ही चौथीपर्यंत शिकला होता, आबा. लोकांना कामाला कसं लावावं हे मात्र तुम्हाला उपजत कळत होतं.

सगळीकडे असं गोड झालं असंही नाही. पुसेगावच्या त्या म्हातारीनं दारातला खड्डा, काळा कोळसा आणि मिठाचं पोतं बघितलं आणि बोंब ठोकली, "भानामती करून राहिले हो! लिंबू तेवढं ऱ्हायलं!" अर्धं गाव गोळा झालं. काका पहार टाकून पळायच्या बेतात. तुम्ही खड्ड्यातूनच हात जोडले, "मावशी, लिंबू असंल तर द्या, सरबत करू. मीठ हाईच." म्हातारी हसली आणि खरंच लिंबं घेऊन आली. ही गोष्ट काका दर दिवाळीला सांगायचे आणि तुम्ही दर दिवाळीला म्हणायचात की तुम्ही असं काही बोललाच नव्हता.

आपल्या घरचा खड्डा तुम्ही अंगणात भांडी घासायच्या दगडाशेजारी घेतला होता. आईच्या हातचं खरकटं पाणी दिवसभर तिथं मुरायचं, म्हणजे अर्थाला वेगळं पाणी घालायची गरजच पडू नये. पाईपसुद्धा कुठला तरी भंगारातला बिडाचा, ओतीव लोखंडाचा, जाडजूड, दोघांनी उचलावा लागेल असा. तरी उन्हाळ्यात दर रविवारी त्यात एक बादली ओतायची हा तुमचा हुकूम, आणि ते काम माझं. दहावीच्या सुट्टीत मी दोन-तीन रविवार चुकवले. तुम्ही विचारलं, "पानी घातलं का?" मी म्हणाले, घातलं. तुम्ही उठलात. खुंटीवरचा तो दोन वायरींचा होल्डर काढलात, त्यात बल्ब लावलात. एक टोक लाईटला, दुसरं अर्थाला. बल्ब पेटला, पण पिवळा, आजाऱ्यासारखा. "पानी पोचलेलं असतं तर पांढरा पेटला असता," तुम्ही म्हणालात. "तुला वाटतं आबाला काय कळतं. मला न्हाईच कळत. ह्या बलबाला कळतं. हा खोटं बोलत न्हाई, अन् कुनाला बोलू देत न्हाई." मला मार परवडला असता. मी भर उन्हात एकामागून एक सात बादल्या ओतल्या, तुम्ही ओट्यावर बसून बघत राहिलात, आणि शेवटी स्वतः उठून आठवी ओतलीत.

नोकरी लागली तेव्हा लोकांनी पेढे मागितले, तुम्ही मला तुमचा टेस्टर दिलात, तो लाल मुठीचा, टोकाशी झिजलेला. "गोठ्यात शिरायच्या आधी खांबाला लाव. मंग जनावराला हात लाव." औषधांच्या पेटीत तो थर्मामीटरशेजारी असतो. तुम्ही गेल्यानंतर दोन वर्षांनी एका गोठ्यात म्हैस दावणीला येईना, पाय आपटत मागे सरकायची. घरचे म्हणाले, बाहेरची बाधा आहे. मी टेस्टर खांबाला लावला, तो पेटला. ती म्हैस वाचली आणि तिला पारडीही झाली. तुम्हाला हे सांगायला घाईघाईनं घरी आले आणि दारात आल्यावर आठवलं की तुम्ही नाही. तिथंच पायरीवर बसून रडले. आईला वाटलं, म्हैस मेली.

आता आपल्या अंगणाकडे येते. चार वर्षांपूर्वी मी घर नीट करून घेतलं. भांडी घासायची सोय आत घेतली, आईच्या गुडघ्यांना बाहेर बसणं होईना. अंगणात चिखल नको म्हणून सिमेंटच्या ठोकळ्यांची फरशी घातली, लाल आणि करडी. त्या दिवसांत आई मामाच्या गावी गेली होती. फरशी बसवताना तो पाईप कापला गेला. त्याच्यावर फरशी आली, वरची तार सुटली, आणि घरातले दिवे पंखे जसे चालायचे तसे चालतच राहिले. अर्थ नसल्याचं घराला कधी कळत नाही, हीच तर त्यातली गोम.

चार्जर बसवायला नांदेडहून एक माणूस आला. चाळिशीचा, कामाला नेटका, हातात मोजायचं यंत्र. लाईन ओढली, पेटी बसवली, गाडीला जोडली. पेटीवर लाल दिवा. पुन्हा जोडली, पुन्हा लाल. मग त्यानं यंत्र लावून बघितलं आणि मान हलवली. "मॅडम, ये चालू नहीं होगा. घरात अर्थिंगच नाही. बोर्डावर हिरवी वायर दिसते, पुढे कुठंच जात नाही." मग तो जरा हसला. "पुराने लोग ऐसाच करते थे. एक खिळा ठोकायचा आणि सांगायचं, हो गया अर्थिंग. कोणी केलं होतं?"

आई ओट्यावर तूर निवडत बसली होती. आतल्या भिंतीवर तुमचा फोटो, दार सताड उघडं. मी त्या माणसाला म्हणाले, "होते गावातले एक जुने वायरमन. तेव्हाचं काम, गेलं असेल."

होते गावातले एक. शोरूममध्ये ताठ झालेली मान ती हीच. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगण मीच वाकडं करून ठेवलं होतं, आणि वर बोट दाखवलं ते तुमच्याकडे, तेही नाव न घेता. आईचा हात सुपात थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा तूर निवडायला लागली. तो माणूस म्हणाला, हरकत नाही, नवीन करून देतो, सामान घेऊन परवा येतो. आणि गेला.

दुपारी जेवायला बसलो. वरणाचा पहिला घास घेतला आणि थांबले. वरणात मीठ नव्हतं. भाजीतही नव्हतं. मला वाटलं वय झालं, विसरली. म्हटलं, "आई, मीठ राहिलं गं."

"ऱ्हायलं न्हाई," आई म्हणाली. "घातलं न्हाई."

"काहून?"

"खाल्ल्या मिठाला जागायचं न्हाई, तर घालू काहून?" एवढंच बोलून ती आपलं ताट घेऊन ओट्यावर गेली. तिच्या वरणातही मीठ नव्हतं, ती तेच खात होती. चाळीस वर्षं तुमच्या कपड्यांची कोळशाची काजळी धुतलेली बाई ती, तिला मी काय ऐकवून बसले होते. रात्रीही अळणी, दुसऱ्या दिवशी सकाळीही अळणी. मीठ मागायची माझी हिंमत झाली नाही, आणि डबा मांडणीवर समोर असून हात पुढे झाला नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं तांड्यावर निरोप धाडला. काका आले. आता वाकले आहेत, एका डोळ्यानं कमी दिसतं, पण पहार स्वतःचीच घेऊन आले. अंगणात आले आणि फरशीकडे बघून म्हणाले, "हे काय घालून ठिवलं? भुईला दम घ्यायला जागा न्हाई." मग उंबऱ्यापाशी पाठ टेकून उभे राहिले आणि पावलं मोजत निघाले. सहा पुढे, दोन डावीकडे. "आबा कागद ठिवत न्हवता, पावलं ठिवायचा. हिंगोलीपासून सेनगावपस्तोर कुनाच्या बी घरी सहा अन् दोन. उद्या आपन मेलो तर लोकायनं हुडकायचं कसं, म्हनायचा." आबा, मी तुमची मुलगी, आणि मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं भांड्यांच्या दगडामुळे खड्डा तिथं आहे. दगड खड्ड्यासाठी तिथं आणला होता.

चार ठोकळे काढले, वीतभर माती उकरली, आणि पाईपाचं कापलेलं तोंड वर आलं. भोवतालची माती अजून काळी होती. काकांनी ती चिमटीत घेऊन जिभेला लावली आणि थुंकून म्हणाले, "खारी हाय. जित्ता हाय आबा." मी बादली आणली. ओतली, जमिनीनं ती घोटात पिऊन टाकली. दुसरी ओतली, तीही. चार वर्षांची तहान होती. मी ओतत राहिले, काका ओट्यावर बसून बघत राहिले. किती ओतल्या ते मोजलं नाही, पण सातपेक्षा पुष्कळ जास्त.

तो माणूस सांगितल्याप्रमाणे आला, नवीन सामान घेऊन. म्हटलं, आधी हा पाईप मोजा. त्यानं भोवती आणखी उकरून पाईप घासून चकचकीत केला, त्याला तांब्याची जाड पट्टी कसली, दूर दोन खुंट्या ठोकून यंत्र लावलं. आकडा बघितला, यंत्र झटकलं, पुन्हा लावलं. "पाच ओहमच्या खाली पाहिजे असतं," तो म्हणाला. "हे दोन दाखवून राहिलं. मॅडम, नवीन करताना सुद्धा मला दोन यायला घाम निघतो. ये किसने किया था?"

मी तोंड उघडायच्या आत आई ओट्यावरून म्हणाली, "आमच्या मालकांनी. हिच्या बापानं."

त्या माणसानं माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही, तेवढा तो भला होता. दोन्ही कानांना हात लावून आईला म्हणाला, "माफ करा, आई. मैंने खिळा ठोकने की बात की." मग चपला काढून आत गेला आणि तुमच्या फोटोला हात जोडून आला. त्याचं काय चुकलं होतं, आबा? त्याला जे दिसलं ते तो बोलला. कान धरायला हवे होते ते दुसऱ्याच कुणी तरी, आणि ती तिथंच बादली धरून उभी होती.

खड्ड्याचा वरचा भाग पुन्हा भरायचा होता. तो माणूस म्हणाला, हल्ली मीठ घालत नाहीत, ते लोखंड खातं, त्याऐवजी पावडर येते. काका म्हणाले, "बिडाचा पाईप हाय. त्याला मीठ खात न्हाई, तो मिठाला खातो." तो हसला आणि म्हणाला, घाला, मूठभरानं काही बिघडत नाही. आई आत जाऊन डबा घेऊन आली, त्याच मांडणीवरचा. मला वाटलं ती टाकेल. तिनं डबा माझ्यापुढे धरला. "आता घरची बाई तू. टाक." मी मूठ भरली. मूठ खड्ड्यावर धरून क्षणभर उभी राहिले. हीच वेळ होती बोलायची, मला कळत होतं. मी मीठ सोडलं. काका हळूच म्हणाले, "खाल्लं भुईनं." मग पेटी चालू केली, हिरवा दिवा लागला, आणि गाडी गोठ्यातल्या ढोरासारखी शांत उभी राहून खायला लागली. आई दिव्याकडे बघून म्हणाली, "त्यायनं बघायला पाहिजे होतं." त्या पाईपाचं तोंड आता फरशीच्या वर काढून घेतलं आहे, पोरं त्याला अडखळतात, अडखळू देत.

शेजारचे आजोबा आता रोज सकाळी दिवा बघून जातात. तालुक्यात गाडी घ्यायचं ज्यांच्या मनात आहे ते चार्जर कुठला घ्यावा हे विचारायला माझ्याकडे येतात. मी त्यांना किलोवॅट नंतर सांगते. आधी विचारते, घराला अर्थ कुठाय? त्यातल्या तिघांच्या घरी तुमचाच निघाला. उंबऱ्यापासून सहा आणि दोन. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आबा. जमिनीखाली, कुणाला दिसणार नाही तिथं, तुम्ही एवढं चोख काम करून ठेवलंत आणि कुठं नावसुद्धा घातलं नाहीत.

हे पत्र कुठं जायचं नाही. मीटरच्या पेटीत तुमचा तो दोन वायरींचा होल्डर आहे, त्याच्याशेजारी ठेवणार आहे. ठेवण्याआधी एकदा वाचून बघितलं. वर मी लिहिलंय, फरशी बसवताना पाईप कापला गेला. खोडणार होते. राहू दे, तुमच्या लेकीचा हात कुठं चोरटा झाला ते तुम्हाला दिसू दे. कापला गेला नाही, आबा. गवंड्यानं विचारलं होतं, "ताई, हे अर्थिंग दिसून राहिलं, ठिवू का?" मी म्हणाले, मध्येच दिसतं ते, काप. बीड कापेना, ग्राइंडरचं पातं झिजलं. त्यानं दुसरं लावायच्या आधी पुन्हा विचारलं. मी मोबाईलवर फरशीचे रंग बघत होते, आणि ते काय आहे हे मला पुरतं माहीत होतं. म्हणाले, काप.

आईला हे अजून सांगितलेलं नाही. आज रविवार. पाईपात बादली ओतली, मग जेवायला बसलो. तिनं वरणात मीठ घातलं होतं. ते खाल्लं, आणि मग हे लिहायला बसले.